काशीत इतिहास खरा निघाला, साडी खोटी

काशीच्या घाटांवर मराठी बोलणं कानावर पडलं की एखादा भला माणूस आपणहून जवळ येतो. मला आणि मावशीला तो सिंधिया घाटावर, कललेल्या रत्नेश्वर मंदिरापाशी भेटला. "महाराष्ट्रातून ना? या माई," मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. पैशाचं नावसुद्धा नाही. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलं, भोसले घाट नागपूरकरांचा, पुढे पंचगंगा घाटावर आलमगीर मशीद, असं सांगत त्याने गल्ल्यागल्ल्यांतून हिंडवलं. सांगितलेलं बहुतेक सगळं बरोबर होतं. गाइड म्हणून तो उत्तमच होता, हे मी आजही म्हणेन. घाटांबद्दल खरं बोलणारा साडीबद्दल खोटं कशाला बोलेल, असं वाटण्यासाठीच तो सगळा फेरफटका होता.

मग हळूच, "ओळखीच्या विणकराचं घर आहे. घ्यायचं काही नाही, नुसतं बघा." दारातच खड्ड्यातला हातमाग, त्यावर एक म्हातारे गृहस्थ धोटा फेकत बसलेले. आत मात्र पांढऱ्या गाद्या, चहा आणि छतापर्यंत साड्या. त्या मागावर आतली एकही साडी विणली गेली नसावी, असं आता वाटतं. मावशीला आवडलेल्या साडीचे अठरा हजार सांगितले, 'माई म्हणून' अकरा हजारांत दिली.

खात्री पटवण्याचे दोन प्रयोगही झाले. साडी अंगठीतून ओढून दाखवली. यात काही अर्थ नाही. पातळ असेल तर कुठलंही कापड अंगठीतून जातं, आणि जरीने भरलेली अस्सल बनारसी अडकूही शकते. दुसरा प्रयोग धागा जाळण्याचा. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, म्हणजे धागा रेशमाचाच होता. फक्त तो आमच्या साडीतला नव्हता, बाजूच्या तुकड्यातून काढला होता. घरी येऊन पदराच्या गोंड्यातला धागा जाळला तर वितळून त्याची टणक काळी गुठळी झाली. पॉलिस्टर.

साडी उलटी करून पाहायला हवी. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी भरतात, त्यामुळे मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसत नाहीत. आमच्या साडीची मागची बाजू कापलेल्या धाग्यांनी भरली होती. कापलेले धागे म्हणजे लगेच फसवणूक नव्हे, तशी वीणही बनारसमध्ये होते. पण ती कढुआ म्हणून विकणं ही फसवणूकच. रेशमासाठी सिल्क मार्कचं होलोग्रामवालं लेबल आणि हातमागासाठी हँडलूम मार्क, दोन्ही वेगवेगळी मागा. नुसतं रेशीम असलं म्हणजे साडी हातमागाची ठरत नाही. बनारसी साडीला २००९ पासून भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, पण 'जीआय आहे' हे तोंडाने कुणीही म्हणतं.

आमची खरी अडचण बिलाची झाली. कागदावर 'साड़ी १ नग' आणि रक्कम, एवढंच. ना जीएसटी क्रमांक, ना रेशीम किंवा हातमाग असा उल्लेख. फोन केला तर उत्तर तयार होतं, "आम्ही सिल्क म्हटलंच नव्हतं." ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवायला गेले, तर सोबत जोडायला हाच कागद. म्हणून पक्कं बिल, त्यावर 'शुद्ध रेशीम, हातमाग' असं लिहून, आणि पैसे शक्यतो कार्डाने किंवा यूपीआयने. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला की उठा, चहा अर्धा राहिला तरी.

विणकाम खरोखर पाहायचं असेल तर बडा लालपूरचं दीनदयाळ हस्तकला संकुल आहे, तिथे वस्त्रांचं संग्रहालयही आहे. आधी तिथे जाऊन हात आणि डोळे तयार करा, खरेदी नंतर. आणि दुकानात शिरताना सोबत कुणी 'ओळखीचा' नको; त्याचं कमिशन आपल्याच किमतीत धरलेलं असतं.