लिलावातलं सागवान की कांडल्याचं?

इंदूरच्या लाकूडवखारींपुढे सागासाठी दोन वाटा आहेत: हरदा-खंडव्याकडच्या सरकारी डेपोंचा लिलाव, नाहीतर कांडला बंदरातून येणारा परदेशी माल.

लिलावात ओंडका हात लावून बघता येतो. टोकाला गाभा (आतलं पक्कं लाकूड) किती, पांढरं (सालीलगतचं कच्चं लाकूड) किती, पोकळी आहे का, हे आधीच कळतं. चौकटी-दारांसाठी मला तरी हाच साग पटतो. अडचण वेगळीच आहे. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तोड कार्ययोजनेप्रमाणेच, म्हणजे वनखात्याच्या मंजूर आराखड्याप्रमाणेच होते. बाजारात मागणी वाढली म्हणून वनखातं जास्त झाडं तोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण लिलावाला थप्प्या (ओंडक्यांचे ढीग) कमी निघाल्या की बोली चढते. मोठा व्यापारी ती झेपवतो, छोट्या आरा मशीनवाल्याचं भांडवल मात्र अडकतं. शिवाय वाहतूक परवान्याशिवाय गाडी हलत नाही.

कांडल्याचा माल हवा तेव्हा मिळतो. पण म्यानमारने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यामुळे आता येतो तो बराचसा इतर देशांतल्या लागवडीतला. अशा कोवळ्या सागात पांढरं जास्त, आणि वाळवी आधी तिथेच लागते. फर्निचरला तो चालेल. दाराच्या चौकटीला मी तो सुचवणार नाही. छोट्या वखारींसाठी वनखात्याने लहान थप्प्या काढाव्यात.