'कम अक्रॉस ॲज' की 'कम ऑफ ॲज'?

एखाद्याच्या बोलण्यावागण्यातून समोरच्यावर जी छाप पडते, ती सांगायला इंग्रजीत हे दोन्ही वाक्प्रचार चालतात. वजन मात्र सारखं नाही. 'शी कम्स अक्रॉस ॲज कॉन्फिडंट' म्हणजे ती आत्मविश्वासू वाटते. 'अक्रॉस' तटस्थ आहे. कौतुकही पेलतो, टीकाही. 'ही केम ऑफ ॲज रूड' यात बहुधा नाराजी असते: त्याच्या मनात नसेलही, पण तो उद्धट वाटला. हा प्रयोग अमेरिकी बोलण्यात जास्त आढळतो, आणि जरा अनौपचारिक आहे.

'ॲज' गळला की जपून! 'शी केम अक्रॉस वेल' म्हणजे तिची छाप चांगली पडली. 'द प्लॅन केम ऑफ वेल' म्हणजे बेत नीट पार पडला. 'द बटन केम ऑफ' म्हणजे तर चक्क बटण तुटलं.

अर्जात किंवा मुलाखतीत मी निःशंकपणे 'अक्रॉस'च सुचवेन. सहकाऱ्याला काही खटकलेलं सांगतानाही तोच बरा. 'यू आर हार्श' म्हटलं की घाव थेट स्वभावावर बसतो. 'यू केम अक्रॉस ॲज हार्श' म्हटलं की बोलणं त्या प्रसंगापुरतं राहतं, आणि समोरच्याला खुलासा करायला जागा मिळते.