आयसीयूत पेशंट घेताना: तोंडी सांगणं की तक्ता?

मी इंदूरच्या एका आयसीयूत सिस्टर आहे. धार-खरगोनकडून रात्री-अपरात्री पेशंट येतात. स्ट्रेचर आत आलं की कोणी मॉनिटर लावतंय, कोणी नळ्या सोडवतंय, आणि त्याच गोंधळात हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती आमच्याकडे सोपवणं. तोंडी पद्धत झटपट, मान्य. पण एकदा "पेनिसिलिनची ॲलर्जी" हे शब्द सक्शनच्या (स्राव ओढून काढणाऱ्या यंत्राच्या) आवाजात विरले. सिरिंज भरून हातात होती. पेशंटच्या बायकोनं दारातून ओरडून सांगितलं म्हणून वाचलो.

तक्ता, म्हणजे ठरलेल्या मुद्द्यांचा कागद, कंटाळवाणा वाटतो खरा. आत्ताची स्थिती, पूर्वेतिहास, आमचा अंदाज, पुढे काय करायचं: हा एसबीएआरचा (या चार मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा) क्रम, मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरचा. श्वासाची नळी नीट, मॉनिटर चालू, मग सगळ्यांचे हात थांबतात. एकच जण बोलतो, ऐकणारा डोस परत म्हणून दाखवतो. मिनिट-दीड मिनिट जातं. तक्ता छोटाच हवा. डब्ल्यूएचओची २००८ची शस्त्रक्रियेची चेकलिस्टही १९ मुद्द्यांतच आटोपते. आमचा पहिला दोनपानी तक्ता कोणी वाचलाच नाही, नुसता फायलीला लागला.

हृदय बंद पडलेला पेशंट आला तर तक्ता गेला बाजूला, आधी सीपीआर. एरवी माझं मत तक्त्याला. परवा नवी सिस्टर मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "सर, पोटॅशियम राहिलं सांगायचं." पूर्वी ती गप्प बसली असती.