तरंगत्या बेटाचा तयार संच: घेण्याआधी पाइप मोजा

तळ्याचं पाणी साफ करणाऱ्या तरंगत्या बेटाचा तयार संच आता विकत मिळतो. 2 बाय 1 मीटरची पीव्हीसी चौकट, खाली जाळी, वर काथ्याची चटई, त्यात करदळ आणि वाळा. कल्पनेत खोट नाही. हैदराबादच्या नेकनामपूर तलावात 2018 मध्ये असंच मोठं बेट सोडलं होतं. लोंबत्या मुळांवर जिवाणूंचा थर धरतो आणि तो घाण फोडतो. पाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस झाडं ओढून घेतात.

पण कोकणच्या पावसात हा संच आहे तसा टिकणं कठीण. त्यातला पाइप 75 मिमीचा. 6 मीटर लांबीला तो जेमतेम 26 किलो उचलतो, त्यातही पाइपचं स्वतःचं वजन आलंच. भिजलेली चटई आणि जुलैत माजलेली करदळ मिळून त्याहून सहज जड होतात. 110 मिमीचा पाइप 57 किलो उचलतो, तोच मागून घ्या. चारही पाइप कोपऱ्यांत आतून जोडलेले असतात, त्यामुळे एक सांधा गळला की सगळी चौकट भरते. चिकटवण्याआधी आत झाकण घट्ट लावलेल्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या सरकवा. आडव्या पट्ट्यांना माणगा बांबू उत्तम, मात्र तो भरीव असल्याने तरंगण्याची भिस्त पाइपवरच.

संचात बेट बांधायची दोरी आखूड दिली आहे. तळं दोन मीटर चढलं की ताणलेली दोरी बेटाला खाली ओढते. चढ धरून ढील ठेवा. उलट एप्रिल-मेमध्ये जांभ्यातली तळी आटतात, बेट गाळावर टेकतं, मुळं रुततात आणि पाणी आलं तरी ते सुटत नाही. तेव्हा बेट सतत मीटरभर पाणी राहील अशा जागीच हवं. गणपतीआधी विसर्जनाच्या घाटापासून लांब ओढून बांधा.

गुंठ्याच्या तळ्याला तीन संच लागतात, म्हणजे साधारण 6 टक्के पृष्ठभाग झाकला जातो. दर दोन-तीन महिन्यांनी झाडं कापून कापलेलं तळ्याबाहेर न्या. तिथंच कुजलं तर शोषलेलं सगळं परत पाण्यात. माहितीपत्रकात नेमकं हेच नाही.

उधाणाचं खारं पाणी शिरतं तिथं करदळ करपते, तिथं हा संच घेऊच नका. गटार तळ्यात सुटत असेल तर आधी ते वळवा, तेवढा भार तीन बेटांना झेपत नाही. पावसाळ्यापुरत्या उथळ पाणथळीला तर बेट नकोच. तिथं काठाचा उतार मोकळा ठेवून भराव थांबवला की लव्हाळा आपोआप येतो, तोही फुकट.