उजाड डोंगरउतारावर काय करावं: रबर, काजू की नुसतं कुंपण?

दोडामार्ग-सावंतवाडीकडे रान तोडलेली उताराची जमीन हाती आली की बहुतेक जण आधी बाजारभाव विचारतात. मी म्हणेन, आधी डबा घ्या. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा मातीत थोडा ठोकायचा, पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघायचं. तेच जवळच्या देवराईत करायचं. दोन्हींत जेवढा फरक, तेवढी जमीन बिघडलेली. मातीचं वजन करून घट्टपणा मोजायला जाल तर जांभ्याचे खडे आकडा फसवतात.

इथे ३००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याची लाल माती चिकण असूनही पाणी पटकन पिते, कारण लोहामुळे तिचे बारीक, टिकाऊ दाणे बनतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. ओल्या मातीवर जेसीबी फिरला की त्या पोकळ्याच मिटतात. वरचा थर वाहून खालचा जांभा उघडा पडला, तर तो ऊन-पावसात कडक होत जातो आणि सडा, म्हणजे उघडा कातळ, उरतो.

रबराला निदान मीटरभर खोल माती लागते. चीक यायला सातेक वर्षं. तोवर ओळींमध्ये अननस घेतात, आणि माती सर्वांत जास्त याच काळात जाते. उंच पानांवरून पडणारे थेंब मोठे असतात. खाली पुएरेरियासारखा वेल नसेल तर ते जमीन उखडतात.

काजू उथळ जमिनीतही तग धरतो. वेंगुर्ला-४ किंवा ७ या जातींची कलमं ७ बाय ७ मीटरवर हेक्टरी दोनशेच्या आसपास बसतात, तिसऱ्या वर्षापासून थोडं पीक येतं, आणि खोदाई खड्ड्यापुरतीच. फक्त बिया वेचायच्या सोयीसाठी पाला जाळायची सवय सोडावी लागते.

नुसतं कुंपण घालून रान आपोआप उठू देणं सर्वांत स्वस्त. उत्पन्न मात्र नाही, आणि वणवा नि गुरं रोखायला माणूस हवा. ऐन-किंजळीचे जिवंत खुंट असतील तर रान भराभर उठतं. खुंटही उपटले असतील तर बराच काळ रानमोडी हे तणच माजतं.

माझ्या हातात असती तर माथा आणि ओहोळाच्या कडा कुंपणात, मधल्या उतारावर काजू. रबर फक्त पहार मीटरभर सहज उतरते तिथे, आणि पायऱ्या काढायच्या तर माती वाळल्यावरच.