माधवी मुखर्जी की स्वातीलेखा सेनगुप्ता, आधी कुणाला बघायचं?

बंगाली सिनेमा बघायला सुरुवात करायचीय, त्यातही नाटकातून आलेली नटी बघायचीय, आणि हातात एकच रविवार आहे असं असेल तर माझ्या मते ही दोनच नावं पुरेत. दोघींनाही सत्यजित राय यांनी टागोरांचीच नायिका दिली, माधवीला १९६४ ची 'चारुलता' आणि स्वातीलेखाला १९८४ च्या 'घरे बाइरे'तली बिमला. मध्ये वीस वर्षं. पण दोघींचं आयुष्य अगदी उलट्या दिशेनं गेलंय आणि निवड तिथंच ठरते.

माधवी (जन्म १९४२) लहानपणीच कोलकात्याच्या रंगमंचावर उभी राहिली, तेही शिशिर भादुडींसारख्या मोठ्या नटाबरोबर, मग १९६० ला मृणाल सेन यांचा 'बाइशे श्रावण' आला आणि पुढं १९६३ ते ६५ मध्ये रायांचे लागोपाठ तीन, 'महानगर', 'चारुलता', 'कापुरुष', आणि ६५ लाच ऋत्विक घटकांचा 'सुवर्णरेखा'. सेन, घटक, राय तिघांकडेही मुख्य भूमिका! नाटकवाल्यांना सिनेमात आवाज आणि हातवारे आवरता येत नाहीत असं आपण म्हणतो ना, तिच्यात त्याचा मागमूस नाही. 'चारुलता'ची सुरुवात बघा, दुपारची वेळ, भलं मोठं घर, ती खिडकीच्या झडपा उघडून छोट्या दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं बघतेय, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत धावतेय, मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो, तिच्याकडे बघतही नाही, आणि ती तीच दुर्बीण डोळ्याला लावून त्याची पाठ बघते. एक शब्द नाही. मी हे कितीदा बघितलंय आणि दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

स्वातीलेखा (१९५०-२०२१) मात्र पूर्ण नाटकाची. सुरुवात अलाहाबादला, मग १९७८ ला कोलकात्यात नांदीकार या नाटकाच्या ग्रुपमध्ये आली, रुद्रप्रसाद सेनगुप्तांशी लग्न झालं आणि तिथंच आयुष्य घातलं, अभिनय तर होताच, नाटकांचं संगीतही करायची. संगीत नाटक अकादमी पुरस्कारही मिळालाय. 'घरे बाइरे'नंतर मोठा पडदा जवळपास सुटलाच तो थेट २०१५ च्या 'बेला शेषे'पर्यंत, आणि तिथं परत समोर सौमित्र चटर्जी, जो 'घरे बाइरे'त तिचा संदीप होता, म्हणजे बिमला ज्याच्याकडे ओढली जाते तो नवऱ्याचा मित्र. एकतीस वर्षांनी! 'घरे बाइरे' आला तेव्हा बिमलाच्या रूपावरून लोकांनी बरंच नाक मुरडलं होतं, मला ते अजिबात पटत नाही. जमीनदाराच्या घरातली, पडद्यात वाढलेली, १९०५ च्या स्वदेशीच्या गोंधळात पहिल्यांदा परक्या पुरुषासमोर येणारी बाई नेहमीच्या हिरॉइनसारखी दिसायलाच कशाला हवी? तिचा चेहरा ओळखीच्या घरातला वाटतो म्हणून तर तिची चूक आपल्याला टोचते.

अडचण एकच, स्वातीलेखाचं खरं काम रंगमंचावर झालं आणि ते आता समोर बसून बघायला मिळणार नाही, सिनेमा म्हणजे तिच्यापर्यंत जायची छोटीशी खिडकी. माधवीचं सगळ्यात चांगलं काम मात्र पडद्यावरच आहे.

म्हणून पहिला रविवार माधवीला द्या. संथ सिनेमाची सवय नसेल तर 'चारुलता'च्या आधी 'महानगर' बघा, घरोघरी विणकामाची मशीन विकणारी आरती नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला लगेच आपली वाटेल. आईबाबांबरोबर बसून बघायचं असेल तर मात्र सरळ 'बेला शेषे', लग्नाला पन्नास वर्षं होत आली आणि नवरा म्हणतो वेगळं व्हायचंय, घरात चर्चा होणारच. आणि नाटकवेडे असाल तर पुढच्याच रविवारी 'घरे बाइरे', त्यात बिमला नवऱ्याबरोबर पहिल्यांदा अंतःपुरातून बाहेर निघते, तो रंगीत काचांचा लांब पॅसेज आला की मोबाइल बाजूला ठेवा आणि फक्त तिची चाल बघा.