शाळेचा बेलजार संच: घंटी गप्प होते का?

शाळांसाठी मिळणाऱ्या बेलजार संचात काचेची हंडी, घासून सपाट केलेली धातूची बैठक, काट्याचा गेज, जाड रबरी नळी, विद्युत घंटी आणि पंप एवढं सामान येतं. पंप हाताचा किंवा विजेवरचा. सोबतच्या माहितीपत्रकात दोन ओळी ठरलेल्या असतात: हवा काढली की घंटी ऐकू येत नाही, म्हणून अवकाशात आवाज जात नाही. यातली दुसरी ओळ बऱ्याच अंशी खरी आहे. पहिली मात्र हाताच्या पंपावर सपशेल पडते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "सर, येतंय की ऐकू!"

पोरांचं बरोबर असतं. पण त्याआधी गेजचा घोळ मिटवू. हंडीतला दाब बाहेरच्यापेक्षा किती सेंटिमीटर पाऱ्याने उतरला, ते हा काटा दाखवतो. मराठवाड्यात या संचाबद्दलची पहिली तक्रार हीच असते की काटा ७६ वर जात नाही, पंप बाद आहे. ७६ सेंटिमीटर पारा हा समुद्रसपाटीचा आकडा. छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच मुळात ७१ सेंटिमीटरच्या आसपास असतो. नांदेड सखल, तिथे ७३ च्या जवळपास. जी हवा डोक्यावर नाहीच, ती पंप कुठून काढणार? तेव्हा काटा ७१ ला टेकला तर पंप उत्तम आहे असं समजावं. उलट इथे तो ७६ दाखवत असेल तर गेज बिघडलेला आहे.

चांगला हातपंप ६४ पर्यंत ओढतो. म्हणजे संभाजीनगरात हंडीत ७ सेंटिमीटर, दहावा हिस्सा हवा उरते. घंटीच्या हलण्यातून हवेत उमटणारा दाब हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो, म्हणून आवाजात घट होते ती सुमारे २० डेसिबलची. कानाला हा आवाज पहिल्याच्या चौथाईइतका वाटतो. वर्गात चौथाई आवाज म्हणजे 'ऐकू येत नाही' नव्हे. एसी दुरुस्त करणारे वापरतात तो दोन टप्प्यांचा रोटरी पंप लावला आणि झाकण नीट बसलं, तर दाब १ मिलिबारपर्यंत उतरतो (समुद्रसपाटीला तो साधारण हजार मिलिबार असतो). तिथे घट ६० डेसिबलच्या घरात जाते आणि खरी शांतता होते. २० सेंटिमीटर व्यासाची, ३० सेंटिमीटर उंचीची हंडी सुमारे ९ लिटरची. मिनिटाला ५० लिटर ओढणाऱ्या पंपाला हिशेबाने सव्वा मिनिट पुरतं, प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं धरावीत. मात्र १० मिलिबार आणि १ मिलिबार यांतला फरक संचातल्या काट्याला कळत नाही, दोन्हींना तो एकाच जागी उभा राहतो. एसीवाल्यांकडचा डिजिटल व्हॅक्यूम गेज तासाभरासाठी मागून आणला तर काम भागतं.

आता या संचातला सगळ्यात मोठा दोष. घंटी बैठकीच्या दांड्यावर थेट स्क्रूने आवळलेली येते. हवा कितीही काढा, आवाज दांड्यातून बैठकीत, बैठकीतून टेबलात आणि टेबलातून वर्गात पोचतो. खात्री करायची तर पंप थांबवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बैठकीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, घंटी खणखणीत ऐकू येईल. उपाय फुकटचा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून त्यांवर घंटी लोंबती ठेवा. पट्ट्या ताणून बांधू नयेत, सैल झोका हवा. विजेच्या ताठ तारा काढून केसासारखी बारीक, वेटोळी घातलेली तार जोडा, नाहीतर तारच दांड्याचं काम करते. आमच्या मते घंटीऐवजी ३००० हर्ट्झच्या आसपासचा छोटा बझर लावावा. झोका जितका संथ आणि सूर जितका उंच, तितकी कंपनं खाली कमी झिरपतात. मोबाइल हंडीत ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. बॅटरी फुगू शकते.

काच ठीक असते. तरी हवा काढल्यावर २० सेंटिमीटरच्या बैठकीवर हंडी साधारण ३०० किलोच्या जोराने दाबली जाते, हे विसरू नये. कडेला टवका किंवा केसाएवढी चीर दिसली की ती हंडी बाद. जाळीचं आवरण किंवा ॲक्रिलिकचा पडदा संचात नसतो, तो वेगळा घ्यावाच.

गळती बहुतेक वेळा हंडीच्या कडेलाच असते. पेट्रोलियम जेलीने भागतं असं सांगतात, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ती पातळ होऊन आत ओघळते. व्हॅक्यूमचं सिलिकॉन ग्रीस घ्या आणि हात राखून लावा: पातळ थर, हंडी अर्धा वळसा फिरवून बसवायची. पावसाळ्यात त्रास वेगळा. हंडी धुऊन ओलसर राहिली, तर २५ अंशांना पाण्याची वाफच ३२ मिलिबार दाब धरून बसते आणि काटा पुढे सरकत नाही. ती वाफ पंपाच्या तेलात मिसळली की तेल दुधाळ होतं. पंपाला गॅस बॅलास्टची झडप (थोडी हवा आत घेऊन तेलातली वाफ बाहेर घालवणारी) असेल तर ती उघडून १५-२० मिनिटं पंप मोकळा चालवावा, तरी तेल दुधाळच राहिलं तर बदलावं. आणि लाईट जाणं तर ठरलेलंच. प्रयोग चालू असताना ती गेली आणि पंपाला उलटी हवा अडवणारी झडप नसेल, तर पंपातलं तेल नळीतून वर चढून हंडीत येतं. लाईट गेली की आधी नळीचा कॉक बंद, मग बाकीचं.

माहितीपत्रकाच्या निष्कर्षाकडे येऊ. हंडीतला आवाज मंदावतो तो हवेतून 'जाऊ न शकल्याने' नव्हे. १ मिलिबारलाही दर घनसेंटिमीटरमध्ये सुमारे २४ हजार लाख कोटी रेणू असतात. एक रेणू दुसऱ्यावर आपटेपर्यंत ०.०७ मिलिमीटर जातो आणि बझरच्या लहरीची लांबी ११ सेंटिमीटर असते. म्हणजे लहर चालायला रेणू भरपूर आहेत, आवाजाचा वेगही तोच राहतो. फक्त विरळ हवेला घंटीचा धक्का नीट घेता येत नाही आणि पुढे काचेला देताही येत नाही. दाब ६ मिलिबारवर आला की हंडीत जवळपास मंगळाचा दाब असतो, आणि मंगळावर आवाज आहे: पर्सिव्हिअरन्स गाडीच्या मायक्रोफोनने २०२१ मध्ये तो टिपला. तिथे त्याचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास, आपल्याकडे ३४० च्या; हा फरक विरळपणाचा नव्हे, तिथल्या थंडीचा आणि कार्बन डायऑक्साइडचा.

पृथ्वीजवळच्या अवकाशात मात्र घनसेंटिमीटरला पाच-दहा कण. एकाची दुसऱ्याशी गाठ पडायची तर जवळपास सूर्य-पृथ्वीइतकं अंतर जावं लागतं, मग घंटीचा निरोप कोण पोचवणार? पण 'अवकाशात आवाज नाहीच' असंही फळ्यावर लिहू नये. पर्सियस दीर्घिका-समूहातल्या विरळ वायूत चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीला दाबाच्या लहरी सापडल्या, हे २००३ मध्ये जाहीर झालं. एका लहरीला ९६ लाख वर्षं लागतात, सूर पियानोवरच्या मधल्या 'सी'च्या खाली ५७ सप्तकं. लहर पुरेशी लांब असेल तर विरळ वायूतही ती चालते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं, उदाहरण या प्रयोगाला फार चपखल बसतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या त्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांतून हवा काढायची आहे, आणि एक कारण हेच की बाहेरच्या आवाजाने आरसे हलू नयेत. शिवाय आरसे लंबकांवर टांगलेले. म्हणजे निर्वात अधिक झोका, आपल्या ट्यूबच्या पट्ट्यांसारखाच. गुरुत्वीय लहरी हा आवाज नव्हे, हे मुलांना तेव्हाच सांगून टाकावं.

घ्यायचा झाल्यास हंडी, बैठक आणि नळी घ्या, हातपंप वगळा, घंटी असली तरी वापरू नका. विजेचा पंप उलटी हवा अडवणारी झडप पाहूनच घ्या. दुकानदाराकडून हवा आत सोडायची बारीक स्क्रूची झडप मात्र आवर्जून मागा. स्वस्त संचात ती नसते, नळी उपटूनच हवा सोडावी लागते आणि सगळं एका फटक्यात संपतं. बारीक झडपेने मिनिटभर लावून हवा सोडली, तर शांततेतून सूर हळूहळू वर येताना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतो.